आधी वरचा बोल्ट

—नाही, तिथं नका उभे राहू, तिथं उभे राहिलात की माझा उजेड जातो. असे इकडून या, त्या डब्यावर बसा. बसा हो, माणूस पेलतो तो डबा. तर मी काय सांगत होते—हां, आवाज. आवाज करते ती, खोटं कशाला बोलू, तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलवाले, पहिल्या वळणावरच तुम्हाला कळणार. थर्ड टाकताना गुरगुरते. बाकीचे गिअर कसे अलगद पडतात—म्हणजे पडायचे. आत्ता एकही टाकून बघायचा नाही. आत्ता गिअरबॉक्समध्ये ऑइलचा थेंब नाही, ते सगळं इथं माझ्या पायाशी घमेल्यात आहे. काळंकुट्ट. वास येतोय का वरपर्यंत? येणारच. बाबा गेल्यापासून कुणी बदललेलंच नाही. माझे बाबा—गाडी त्यांची. म्हणजे आता माझी. कागदावर माझंच नाव आहे, जाहिरातीत काय लिहिलं असेल ते असो.

बाईसाहेब कसलं म्हणताय, खड्ड्यात उभ्या असलेल्या बाईला कोण साहेब म्हणतं. फोनवर तुमच्याशी बोलले ते माझे मिस्टर. दुकानात आहेत, जेवायला येतील तेव्हा भेटतील. चष्म्याचं दुकान आहे, बस स्टँडच्या अगदी समोर. अख्ख्या गावाला चष्मे यांनीच दिलेत, त्यामुळे अख्ख्या गावाला मी अगदी स्पष्ट दिसते. हसा, हसा, हसण्यासारखंच आहे. हा खड्डा? आमचा नाही, आमच्या आधी इथं टॅक्सीवाला राहायचा, त्यानं गाडीखाली शिरायला खणलेला. हे म्हणतात, गाडी गेली की पहिला खड्डा बुजवायचा. म्हटलं, बुजवा. मी काय म्हणणार. गाडी विकायला काढलीय हेच मला आज सकाळी कळलं, दाढी करता करता तुम्हाला पत्ता सांगत होते तेव्हा. मी चहा घेऊन दारात उभी. मला बघितलं आणि फोनवर म्हणाले, हो हो, घरात कुणाला लागत नाही गाडी. यांना स्वतःला चालवता येत नाही, कळलं ना? शिकलेच नाहीत. मी चालवायची आणि हे शेजारी बसणार, खाली उतरताक्षणी किल्ली यांच्या खिशात. तशी दुसरी एक किल्ली—जाऊ द्या, दुसरीचं सोडा.

त्या गडबडीत चूक झाली बघा. तुम्हाला सांगायला लाज वाटते, कारण तुम्हाला ठाऊकच असणार. गिअरबॉक्सला दोन बोल्ट. वरच्यातून भरायचं, खालच्यातून सोडायचं. आणि बाबांचा नियम काय—आधी वरचा. काही झालं तरी आधी वरचा उघडायचा, तो हलला की मग खालच्याला हात लावायचा. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ऐकतेय, टॉर्च धरायचं काम माझ्याकडे असायचं ना. मी विचारलं होतं, का हो बाबा, वरचाच का आधी? तर म्हणाले, खालून सगळं सांडून बसलीस आणि वरचा उघडलाच नाही, तर काय करशील? ना भरता येणार, ना चालवता येणार. जागच्या जागी बसशील. आणि आज मी नेमकं तेच करून बसले. खालचा आधी हाताला लागला, पाना लावला, तर सुटलाच हो, गुमान सुटला. म्हटलं वा, आज देव पावला. भडाभडा सगळं रिकामं झालं. आणि मग वरच्याला पाना लावला.

नाही हालत. तीन बोटं कापून घेतली, हे बघा, तरी नाही. बाबांनी आवळलेला असता तर सुटला असता. बाबांचा हात मला माहितीय, ते आवळायचे ते पुढच्या माणसाला उघडता येईल इतपतच. हा यांनी आवळलाय. मध्ये खाली फरशीवर ऑइल ठिपकत होतं, फरशी खराब होते म्हणून हे एका रविवारी खड्ड्यात उतरले आणि दिसला तो बोल्ट पिळला. कुठनं गळतंय, काय गळतंय, काही बघायचं नाही. खालचा त्या आडव्या लोखंडी पट्टीच्या, क्रॉस मेंबरच्या मागे आहे, तो दिसला नाही म्हणून वाचला. गळती तर काही थांबली नाहीच. पण यांना वाटलं थांबली, कारण मी रोज सकाळी फरशी पुसून ठेवायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, बाई ओळख नाही पाळख नाही आणि नवऱ्याची गाऱ्हाणी सांगतेय. गाऱ्हाणं नाही हो. माणूस चांगला आहे, कुणालाही विचारा. हात उचलत नाहीत, आवाज चढवत नाहीत—ओरडणारा नवरा असता तर शेजारणीला ऐकू तरी गेलं असतं. यांचं फक्त एकच आहे, बंद करणं. साखरेची बरणी घ्या. रात्री दुधात साखर घालून झाली की हे झाकण लावणार, आणि असं लावणार की सकाळी मला उघडायची नाही. मग मी काय करायचं? बरणी घेऊन यांच्यासमोर उभं राहायचं. अहो, जरा उघडून देता का. हे पेपर बाजूला ठेवणार, चष्मा काढणार, बरणी घेणार, एक पिळा—टक. आणि मग माझ्याकडे बघून हसणार. प्रेमानं हसतात हो, तेच तर सांगतेय. म्हणतात, माझ्यावाचून कसं व्हायचं तुझं. नळ तसाच. खिडकीची कडी तशीच. गॅसचं बटण तसंच. सगळं घर यांनी आवळून ठेवलंय आणि मी दिवसभर बरणी घेऊन फिरतेय. एकदा मी गरम पाण्यात धरून झाकण सोडवलं, माझं मी. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. जेवले, दुकानात गेले, आले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम मुरंब्याची बरणी नेऊन दिली तेव्हा कुठं तोंड उघडलं.

तुम्ही बघता का प्रयत्न करून? शर्ट पांढरा आहे तुमचा, नाहीतर मी म्हणणारच होते. या, पायऱ्यांवर सांभाळून, तेल आहे. हा धरा पाना. हं—नाही, उलट, तुम्ही उभे आहात तिथून उलट बाजूला. हं. द्या जोर. थांबा, थांबा, निसटतोय, कोपरे जातील बोल्टचे. कोपरे गेले की मेलेच मी. राहू द्या, दादा. तुमचा काही दोष नाही, पानाच सैल आहे. बरोबर बसणारा पाना होता बाबांच्या पिशवीत, लांब दांड्याचा, तो यांनी उचलून आपल्या कपाटात ठेवलाय. कुलपात. म्हणाले, बायकांच्या हातात कशाला एवढं जड काही. हात पुसा, त्या फडक्याला नका, ते भरलंय. हे घ्या, पदरच घ्या.

नवीन ऑइल? आणलंय ना, ते काय कोपऱ्यात. फिनेलचा डबा दिसतो ना, त्यात. अहो, फिनेल नाही, ऑइलच आहे, फिनेलच्या डब्यात लपवलं की त्याला बोट लावणारा पुरुष अजून जन्माला यायचाय. कधीचं आणून ठेवलंय. म्हटलं, घाट चढायचा म्हणजे थर्डवरच चढावा लागणार, आणि अशा कोरड्या गिअरबॉक्सवर अर्ध्या घाटात—कुठला घाट? नाही, असंच म्हटलं मी. असंच. बोलायची पद्धत.

असं बघू नका माझ्याकडे. बरं, बघा. आता सांगून बसलेच आहे तर ऐका. घाटापलीकडे माझी ताई राहते, थोरली. तिचं शिवणकामाचं छोटंसं वर्कशॉप आहे, वर एक खोली. ती खोली माझ्यासाठी रिकामी ठेवलीय तिनं, भाडेकरू ठेवला नाही. ये म्हणते, नेसत्या लुगड्यानिशी ये. बसनं? गेले होते ना एकदा बसनं. पिशवी घेतली, तिकीट काढलं, खिडकीत बसले. स्टँडच्या समोर दुकान, सांगितलं ना. हे आले. धावत नाही, रागानं नाही, सावकाश रस्ता ओलांडून आले, हातात छत्री. बसमध्ये चढले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मला म्हणाले, अगं, पाऊस यायचाय, छत्री विसरलीस. आणि पिशवी घेतली माझ्या मांडीवरची. कंडक्टर म्हणाला, वहिनी, नशीबवान आहात. मागच्या बाकावरच्या दोघीतिघी म्हणाल्या, असा नवरा मिळायला पुण्याई लागते. मी काय ओरडणार? काय ओरडायचं असतं अशा वेळी? छत्री आणली म्हणून? उतरले खाली. घरी आल्यावर यांनी स्वतः चहा केला मला. आणि तेव्हापासून फाटकाची कडी वर लावतात, माझा हात पुरत नाही तिथं. म्हणजे पुरतो, स्टुलावर चढले की.

म्हणून ही गाडी. माझं म्हणण्यासारखं एवढंच उरलंय, आणि मला एवढंच येतं. आज ती तुम्ही घेऊन गेलात की खड्डा बुजणार, आणि मग मी कायमची इथलीच. मला भीती वाटते, दादा. मारतील म्हणून नाही. मला सवय होईल याची भीती वाटते. परवा बरणी उघडून दिली यांनी, तर मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, म्हटलं, चला, आज बोलतायत. तेव्हाच ठरवलं की आता निघायचं. आणि निघायच्या दिवशी मी काय केलं, तर खालचा आधी उघडला.

फोन कुणाला लावताय? नका लावू. कृपा करून नका. तुमची खेप फुकट गेली, मान्य आहे मला, पण तुम्हाला छप्पन्न गाड्या मिळतील, शिकणाऱ्या पोरांना काय, कुठलीही चालते. बरं झालं, ठेवलात खिशात. आता असं करा, तुम्ही जा. कुणी भेटलं नाही, कुलूप होतं, असं सांगा. मी बघते माझं. काय बघणार, ते माहीत नाही, पण—

थांबा. फाटक.

हेच. कडी काढायचा आवाज ओळखते मी. आज लवकर आले, तुम्हाला भेटायला म्हणून. बसा, बसा, आता जाऊ नका, आता गेलात तर विचारतील. ऐका, हळू बोलते. पाना कपाटात आहे, कपाटाची किल्ली यांच्याकडे आहे, आणि हात यांचा आहे. मला बरणीच न्यायला हवी यांच्याकडे, दुसरं काय. तुम्ही खोटं बोलू नका, तुम्हाला जमायचं नाही, तुमच्या तोंडावरच दिसतंय. मी विचारलं की फक्त मान हलवा. नाहीतर नका हलवू, मी काही बळजबरी करू शकत नाही तुमच्यावर. स्टँडच्या पुढच्या नाक्यावर मी गाडी थांबवीन, तिथं तुम्ही उतरा, रिक्षा मिळते तिथं. घाटात नाही नेत तुम्हाला.

अहो, आलात? इथं आहे मी, खाली. हो, हे दादा कधीचे येऊन बसलेत, मी म्हटलं येतीलच इतक्यात. चुकलंच माझं, तुम्ही सांगितलं होतंत हात लावू नकोस म्हणून, पण म्हटलं, लोक गाडी बघायला येणार, ऑइल तरी स्वच्छ असावं. खालचं सगळं सोडून बसले आणि वरचा काही उघडेना. आता ती एक इंचही चालायची नाही. नाही हो, मला कुठलं जमतंय. तुम्ही आवळलेलं आजवर मला सुटलंय का कधी? या दादांनीही जोर लावून बघितला, यांनाही नाही जमलं. तो कपाटातला पाना आणता का तेवढा, तुमच्या हातानं एका झटक्यात होईल. त्याशिवाय कसं करायचं, हे दादा म्हणतात, आधी मी चालवून दाखवायची, शेजारी बसून गिअर ऐकल्याशिवाय हे गाडी घेणार नाहीत. हो ना, दादा?

दादा?

बघा, हलवली मान. मी म्हटलं नव्हतं? शिकवणारा माणूस आहे तो, असा बरा घेईल. जा ना, आणा पाना. हां, सावकाश उतरा, पायरी तेलकट आहे. चष्मा माझ्याकडे द्या. हा बघा, हा वरचा. नाही, मागं वळून कशाला बघताय, ते फिनेल आहे. उघडून द्या फक्त. बंद मी करते.