राजाच्या छातीवरचं डुक्कर

...आणि वरून मलाच विचारतात, डुक्कर कुठंय? आता तुम्हीच सांगा, पंधरा वर्षांच्या पोरानं डुक्कर कुठून आणून द्यायचं? तेही तांदळाच्या दाण्याएवढं, चांदीचं, राजाच्या छातीवर बसलेलं! गावात डुकरं काय कमी आहेत, म्हणाल तेवढी हाकलत आणतो, पण ती आबांना नकोत, त्यांना तेच पाहिजे... थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तेच विचाराल.

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे पाच रुपये. खर्चायचे नाहीत, पुजायचे. चार राणीछाप, एक राजाछाप. मायला तिच्या बापानं लग्नात दिलेले. दर लक्ष्मीपूजनाला माय ते दुधानं धुते, हळदकुंकू लावते की परत चिंधीत. एरवी त्यांच्याकडं बघायचंसुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतो, बघायचं नाही म्हटलं की माझे डोळे दुसरीकडं कुठं जातच नाहीत. गेल्या दिवाळीला माय दूध आणायला उठली, मी राजा उचलून पणतीपाशी धरला, तर त्याच्या छातीवर साखळी आणि साखळीत एक बारीक जनावर. पाठ गोल, पाय आखूड, थोबाड पुढं. मी म्हटलं, "माय, तुनी लक्ष्मीवर डुकर बठेल शे."

गंमत हो! मास्तरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकतो ना मी, तसलीच. तिचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं, बस. पण माय ओरडली नाही, मारलं नाही. राजा उजेडाला धरून पुष्कळ वेळ बघितला आणि बाजूला ठेवून दिला. मला वाटलं, गंमत फसली. चुकलो तो तिथंच. मारणाऱ्या मायची भीती नाही, गप्प बसली की समजायचं काहीतरी शिजतंय.

असो. उन्हाळ्यात सातवीचा निकाल लागला. माझा नाही लागला. दुसऱ्यांदा. नाना, म्हणजे माझा बाप, झुलाल नाना, त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की एरंडोलला दोन कोस चालत जातो, दोन कोस चालत येतो, मधे झोपतो, यापेक्षा चोपड्याला पुनामामाच्या मळ्यात केळीचे घड वाहा. माय म्हणाली, पोरगं चालून दमतं, सायकल असती तर शिकलं असतं. नाना म्हणाले, शाळा उघडायच्या आत सायकल आली तर शाळा, नाही आली तर चोपडा, आणि माझ्याकडनं एक आणा मिळणार नाही.

तुम्ही म्हणाल, तुला कशाला रे शाळा? खरं सांगतो, गणित येत नाही, इंग्रजीचं तर नाव काढू नका. पण वर्गात साठ पोरं आहेत, मी तोंड उघडलं की बठ्ठी, म्हणजे साठच्या साठ हसतात. मळ्यात कोण हसणार आहे? केळी?

आणि त्याच आठवड्यात एरंडोलच्या बाजारात तोताराम आबा भेटले. आबा धुळ्याचे, पोस्टातनं रिटायर, डोळ्याला भिंग लावून बाजारोबाजार जुनी नाणी बघत हिंडतात. सराफ काय करतो, रुपया दगडावर वाजवतो, तोलतो, संपलं. आबा तसं नाही. आबा मुलगी बघायला आल्यासारखे बघतात! नाक बघतात, कान बघतात, केसांची बट न् बट मोजतात, कड झिजलीय का ते बोट फिरवून बघतात आणि मग प्रत सांगतात. अव्वल, मधला आणि मोड. मोड म्हणजे वितळवायच्या लायकीचा. एका बाईनं राणी दाखवली तर म्हणाले, मधला, कानाशी झिजलीय. बाईनं घाबरून स्वतःचाच कान चाचपला.

मी आपलं चेष्टेनं विचारलं, आबा, डुकराचा रुपया घ्याल का? तर आबांच्या डोळ्यातनं भिंग खाली पडलं! मग त्यांनी सांगितलं की हा राजा गादीवर आला तेव्हाच्या पहिल्या रुपयावर साखळीत हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड झाली की लोकांना डुक्कर दिसलं, लोक चिडले, सरकारनं रुपये गोळा करून वितळवले, आणि जे सुटले ते आता शोधून सापडत नाहीत. डुक्कर स्पष्ट दिसत असेल तर साठ रुपये, म्हणाले. साठ! जळगावात वना सायकलवाल्याच्या दुकानात जुनी सायकल बरोबर साठला उभी होती हो, घंटीसकट!

मी दोन कोस पळत घरी. माय चूल सारवत होती. मी म्हटलं, आबाला राजा पाहिजे, साठ देतो. तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं. बापाचं देणं, देव्हाऱ्यातलं... नाही म्हणेल असं वाटलं. पण उठली, दोन दिवस थांब म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी उठायच्या आत रुपया हळदीच्या तांदळात ठेवून फडक्याला सात गाठी मारल्या आणि म्हणाली, "वाटमा सोडजो नको. त्या आबाच्याच हातमा दे."

एसटीत एरंडोल ते पारोळा, पारोळा ते धुळं, मी गाठीला हातसुद्धा लावला नाही. जन्मात पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलं. बघा काय फळ मिळालं.

पांझरेच्या काठी आबांचं घर. आबांनी हात धुतले, मखमल अंथरली, एकेक गाठ सोडली. आत रुपया... काय सांगू, आरशासारखा! मी म्हटलं, वा, चकाकतोय. आबांनी भिंग लावलं. पालथा केला, साल बरोबर. उलथा केला. राजाला नाक नाही. मिशी नाही. कान म्हणजे नुसता फोड. साखळी तर इथनं तिथनं सफाचट.

आबा म्हणाले, "डुक्कर कुठंय?"

मी म्हटलं, होतं हो, दिवाळीला होतं.

मग तराजूत टाकला, रुपया तोळ्याचा असतो, हा कमी भरला. "मोड," म्हणाले, आणि घरात कोणी गेल्यासारखं फडकं हळूच दुमडलं. मी निघालो तेव्हा विचारलं, घरी आणखी काही आहे का? म्हटलं, चार राण्या आहेत, नुसत्या दुधानं धुतलेल्या. आबांनी माझा खांदाच धरला. म्हणाले, तशाच आण, बोट लावू नकोस, चारींचे मिळून तुझ्या सायकलीचे जमवू. झालं! पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात घंटी वाजवत आलो.

घरी पोचलो तर माय ओट्यावर. पुढं चिंच, राख, विटकरीची भुकटी. मला बघून हसली. म्हणाली, दिवाळीपासून रोज पहाटे घासत होते, कुणाला सांगितलं नाही, देवापाशी तसलं जनावर ठेवायचं कसं? आणि आता तर परक्याच्या घरी पाठवायचा, पोराच्या सायकलीचं काम, म्हणून शेवटचे दोन दिवस दगडावर घासला.

"डुकर गयं ना रे, बापू?"

मी तिच्याकडं बघितलं. बोटांची सालं निघालेली हो.

मग तिनं पदराखालनं ताट काढलं. म्हणाली, तुझ्या आबानं आणखी मागितले तर खोट काढायला नको, म्हणून आज दिवसभर ह्याही दगडावर घासून ठेवल्या. ताटात चार राण्या. लख्ख. चारींनाही नाक नाही.

दारातनं नाना बघत होते. चोपड्याची गाडी सकाळी सहाला. साठ पोरांना हसवणारा मी, पण एक गंमत सुचेल तर शपथ.

"गयं, माय," मी म्हटलं, "बठ्ठं गयं."