काळूला दिलेली रेकी

अगं, चहा राहू दे, आधी हे ऐक! आमच्या गाझियाबादच्या सोसायटीतला काळू कुत्रा आठवतो ना? त्याच्या पायात काच घुसली होती आणि तो कुणालाच जवळ येऊ देईना. प्राण्यांचे डॉक्टरसुद्धा हात टेकून परत गेले. मी नुकतीच रेकी शिकलेय, म्हणजे तळव्यांतून ऊर्जा देऊन बरं करायची विद्या, आणि ती लांबूनही देता येते. म्हणून काल एवढ्या थंडीत त्याच्यापासून जरा दूर बसले, तळवे त्याच्याकडे केले आणि डोळे मिटले.

गेटवरचा गार्ड हसला, "मैडम, हाथ सेंक रही हो क्या?"

मी म्हटलं, "चुप रहो भैया, डर जाएगा!"

बराच वेळ काहीच नाही. बोटं गारठली. आता उठावंच म्हणत होते, तेवढ्यात हाताला ओलं काहीतरी लागलं. काळूचं नाक! लंगडत आला आणि चक्क माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, यार! गार्डनं हळूच डॉक्टरांना फोन लावला. काच निघेपर्यंत काळू माझी शाल दातांत घट्ट धरून पडून राहिला.

डॉक्टर म्हणाले, "कमाल है! आपने इसे पकड़ा कैसे?"

म्हटलं, "मैंने कहाँ पकड़ा? इसीने मुझे पकड़ रखा है!"