रेवतीची दहावी पणती

घाटकोपरला बसच्या रांगेत सुलक्षणाताईंच्या पुढे एक आई आणि तिची पहिलीतली लेक उभी होती. लेकीच्या नखांत अजून लाल रंग होता.

"रेवती, पणत्या दहा रंगवलेल्या ना? पिशवीत नऊच आहेत."

"एक समोरच्या काकूंना दिली."

"त्यांना कशाला? शू-रॅकवरून केवढं भांडल्या माझ्याशी."

"म्हणून तर. पणतीच्या मागे सॉरी लिहिलं."

"तू का सॉरी म्हणायचं?"

"मी नाही. खाली तुझं नाव टाकलंय."

"अगं बाई. मग?"

"काकूंनी तुझ्यासाठी चकल्या दिल्या."

"कुठायत?"

"खाल्ल्या मी. पण तू थँक्यू म्हटलंयस, असं सांगून आलेय."