देव नंबर दोन

काका : करवत खाली ठेव, चिंगे.

पुतणी : काका, संध्याकाळपर्यंत सेट मोकळा करायचाय. उद्या इथे टूथपेस्टची जाहिरात आहे. एवढ्या मोठ्या मूर्तीसमोर कोण दात घासणार?

काका : हॉस्पिटलमधून तुझ्या दादाचा फोन येऊ दे. मग काय कापायचं ते काप.

पुतणी : काकूच्या ऑपरेशनचा आणि या थर्माकोलचा काय संबंध?

काका : मी सकाळीच याच्या कानावर घातलंय.

पुतणी : याच्या? अहो, हा मी बनवलाय! पोट पोकळ, डोळे म्हणजे पिंगपाँगचे चेंडू. नावसुद्धा नाही. पटकथेत नुसतं ‘देव नंबर दोन’ लिहिलंय.

काका : आणि नंबर एक?

पुतणी : तो बजेटमध्ये बसला नाही.

काका : बरंच झालं. याच्याकडे गर्दी नसेल.

पुतणी : गर्दी नाही? मेकअपवाल्या ताई पाया पडून गेल्या. काल तर खुद्द आपला हीरो! लोक त्याचं पोस्टर उशाशी लावून झोपतात, आणि तो माझ्या चेंडूंना म्हणतोय, एवढा पिक्चर चालू दे.

काका : बघ.

पुतणी : काय बघ? त्याचे आधीचे सगळे आपटलेत, त्याला कुठलाही चेंडू चालेल. तुमचं काय? सुतार तुम्ही, सांगाडा तुम्हीच ठोकलात. आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

काका : माहीत असून हात जोडतोय. तेवढं तरी माझ्या बाजूने धर की.

पुतणी : मग मनातल्या मनात म्हणा ना. मूर्ती कशाला?

काका : करून बघितलं. हॉस्पिटलच्या भिंतीकडे तोंड केलं, तर ती ओळंब्यात नाही, तिरकी आहे, हेच दिसत राहिलं. वर बघितलं, तर पोपडे. डोळे मिटले, तर स्ट्रेचरवर तुझी काकू. कुठेतरी तोंड करायला लागतं गं.

पुतणी : म्हणून हॉस्पिटल सोडून इकडे आलात?

काका : दादानंच हाकललं. ऑपरेशन थिएटरच्या दाराची बिजागरी करकरत होती. जरा घट्ट करायला घेतली, तेवढ्यात आतून नर्स आली.

पुतणी : दार काढलं होतंत?

काका : एकच बाजू.

पुतणी : काका, बाहेर ट्रक उभा आहे. सुपरवायझर माझ्या नावानं शंख करतोय. असं करू, मी मागून कापत येते. आधी पाठ, मग पोट, तोंड सगळ्यात शेवटी. तुम्ही पुढून चालू ठेवा.

काका : आणि हा फोन तुझ्याकडे ठेव. माझ्या हातात असला की मीच सारखा दादाला लावतो, आणि मग त्याचा लागत नाही.

पुतणी : आणा... निघाली पाठ. शिरले आत.

काका : हळू, हलतोय तो.

पुतणी : घाबरला असेल.

काका : चिंगे!

पुतणी : बरं, गप्प.

काका : ऐकू येतंय का?

पुतणी : एकदम स्पष्ट.

काका : तुला नाही विचारलं.

पुतणी : सॉरी.

काका : ती कधी कुणाकडे काही मागत नाही. भूल देतानासुद्धा डॉक्टरांना म्हणाली, तुमच्या सोयीनं करा. म्हणून मी आलो. मला तिच्याशिवाय घर लावता येत नाही. कपाटं लावता येतात. घर नाही... करवत का थांबली?

पुतणी : पातं अडकलं.

(मूर्तीच्या पोटात फोन वाजतो.)

काका : उचल! नको, थांब. उचल!

पुतणी : हां, दादा. हां... अरे देवा. हां.

काका : कसलं अरे देवा? चांगलं का वाईट?

पुतणी : झालं, काका. नीट झालं. काकू शुद्धीवर आली. पाणी मागितलं. इतक्यात देता येणार नाही म्हणाले, तर म्हणाली, राहू द्या मग.

काका : तीच आहे.

पुतणी : काका, आता पुढचं कापू का?

काका : काप नंतर. आधी तू बाहेर ये. मला कुणाचं तरी तोंड बघू दे.