बेचाळिसावा अर्थ

हलू नका हो बाई, टाचणी पोटरीत शिरेल — कोट अंगावर असतानाच खालची दुमड धरायची असते, टेबलावर धरली की मागून वर जाते. दहा मिनिटं स्टुलावर उभं राहायला काय होतं? वर्गात दिवसभर उभ्या असताच की. हो, दारातच ओळखलं. माझ्या नातीच्या इंग्रजीच्या बाई तुम्ही! घरात उठताबसता तुमचाच जप — बाई असं म्हणतात, बाई तसं म्हणतात. पूर्वी 'आजी म्हणते' असायचं.

मी? चौथी पास. पुढचं सगळं या मशीनपाशी, मांडीवर डिक्शनरी घेऊन. ती भिंत बघा — मान नका वळवू, नुसते डोळे. बेतायच्या खाकी कागदांच्या पाठीवर लिहिलंय. एकच शब्द, रन. पोर सात वर्षांची होती तेव्हा आम्ही दोघींनी धरला. माणूस पळतो ते रन — ते काय, कोणीही सांगेल. पण नाक गळतं तेही रन, धुण्यात रंग जातो तेही, मोज्याची वीण सुटत जाते तेही, मशीन चालतं तेही. आणि निवडणुकीला आपल्या भाषेत माणूस उभा राहतो, त्यांच्या भाषेत पळतो! पोर हसून हसून कापडाच्या ढिगात पडली होती. एक्केचाळीस अर्थ, बाई. दप्तर टाकलं की आधी इथं — "आजी, आज नवा सापडला?"

आणि मागच्या आठवड्यात बेचाळिसावा घेऊन आली. तुमच्याकडून. म्हणे, एखादा गुण घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतो, तेही रन. मी म्हटलं, असला अर्थच नाही, तुझ्या बाईंना काय कळतंय! हातातली पेन्सिल ठेवून आत निघून गेली. ती शाळेत गेल्यावर डिक्शनरी उघडली — होता. चाळीस वर्षं ते पान उलटतेय मी! नाही लिहिला कागदावर. लिहिणारही नाही.

काय? कसला फॉर्म? मला काय ठाऊक — तुमच्या त्या शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेचा असेल तर — म्हणजे मी वाचला असं नव्हे — बरं, वाचला! मशीनच्या खणात आहे, रिळांखाली. आठ दिवस झाले. पोरीला म्हटलं, हरवला. ती रडलीसुद्धा नाही हो, माझ्याबरोबर घरभर शोधत बसली. आज शेवटचा दिवस, तेही ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही कोटाचं निमित्त काढलंत — आणि कोट आखूड करायची मुळात गरजच नाही, हे न कळायला मी काय काल सुई धरली? तरी टाचत बसलेय, वेळ जावा म्हणून.

एक सांगा. तो अर्थ वाक्यात घालून दाखवला असेल ना? कुठलं वाक्य? ... पुन्हा म्हणा. ... शब्दांचं वेड हिच्या आजीकडून हिच्यात आलंय — असं? भर वर्गात? ... मग कार्टीनं मला का नाही — छे. कशी सांगेल. तोंडच बंद केलं मी तिचं.

उतरा. धरू नका मला, उठते माझी मी. हा घ्या. सही आहे — आला त्याच दिवशी केलीय, तारीख बघा. द्यायचा तेवढा होत नव्हता माझ्याच्यानं. टाचण्या राहू द्या तशाच, ऑफिस बंद होईल. आभार कसले मानताय? आणि हे बघा — फॉर्म सापडला नि पुढं गेला, हे तिला मी सांगणार. तुम्ही नाही. एवढं तरी माझ्याकडं राहू द्या. जा आता.