मेजात उतरलेला उजेड

माजा जलम हुबळीचा. अप्पा, म्हंजे माजे वडील, दुर्गदबैलाच्या मागच्या गल्लीत लाखेचं पॉलिश करायचे, आनि पोरगा न्हवता म्हणून मला शिकवलं असं न्हाई हां, मला आवड व्हती म्हणून शिकवलं, हे आदी लिवून घ्या, लोक उगीच दया दाखवतात. चपडा लाख स्पिरिटात विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ फडक्यात बांधायचा आनि लाकडावर फिरवायचा, पातळ, अगदी पातळ, वाळू द्यायचं, घासायचं, परत फिरवायचा. अप्पा म्हणायचे, पोरी, चकाकी कुणीबी आणतंय, नजर आत गेली पायजे, हिरीत वाकून बगितल्यावानी.

काय सांगू तुमाला, लगीनबी सुताराच्या घरातच झालं. नवरा गरीब गाय, कारखाना थोरल्या भावजींचा, म्हंजे दिरांचा. तितं समदं मशीनीनं फवारायचं, फवारलं की झालं. आमच्या वस्तीतल्या विहाराला भावजींनी बुद्धमूर्तीखाली ठेवायला सागवानी मेज दान दिलं, तवा मी म्हटलं, पॉलिश माज्या हातचं. कमिटीवाले हसले. रोज येऊन बगायचे, अक्का, अजून झालं न्हाई व्हय, साकु बिडु, पुरे की आता. मी आपली बोळा फिरवतेय.

एकदा लेकीकडं धारवाडला, मळमड्डीला गेले, तेवढ्यात भावजींनी घाईघाईनं जाडच्या जाड हात मारला. पावसाची ओली हवा, तीत लाख पांढरी पडते. येऊन बगते तर मेज पांढरं, दुधावर साय धरल्यागत. असा संताप आला! स्पिरिट घेतलं आनि समदं पुसून काढलं, माजी आदीची मेहनतबी त्यातच गेली. भावजी वरडले, येडी झालीस काय! मी म्हटलं, लाख हाय ही, ज्या स्पिरिटात विरघळली त्यानंच सुटते. ऊन पडल्यावर पयल्यापासनं सुरू केलं.

झालं एकदाचं. विहारात मेणबत्ती लावली तर उजेड वर थांबेना, लाकडाच्या रेघांत खाली खाली उतरत गेला. बाया बोट लावून बगायला लागल्या, वल्लं हाय का म्हणून. अप्पा पायजे व्हते वो तवा. आनि दुसऱ्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष पेंटरला घेऊन हजर, म्हणे म्होरल्या बाजूला दात्याचं नाव घालायचं, रीतच हाय. हाय खरी, आमच्यात पंख्याच्या पात्यावरबी नाव असतंय. पण एवढ्या खोल केलेल्या लाकडावर रंगाचा फराटा? मी स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढलं. म्हटलं, लावा ब्रश, समदं पुसते. अध्यक्ष हसले. भावजी न्हाई हसले, त्यांनी एकदा पुसताना बगितलं व्हतं. पेंटरला म्हणाले, मागं लिव रे बाबा, पाठीमागं.

नाव मागंच हाय, भिंतीकडं. दान त्यांचं, मी कुटं न्हाई म्हणते? आता माजे गुडघे गेले, बसलं की उठवत न्हाई, तरी बोळा फिरवते. तुमीबी या एकदा विहारात, भलं व्हईल तुमचं. तितल्या कपाटात एक बाटली दिसंल, पाणी समजून पिऊ नका, स्पिरिट हाय. मीच ठेवलंय. अध्यक्ष बदलत असतात.