मापाचे कागद

—नाही बाई, चप्पल सैल नाही करून देणार. उजवी नाही आणि डावीही नाही. बसा आधी. स्टूल जरा डुगडुगतं, भिंतीला टेकून बसा. पाय द्या इकडे — अहो, संकोच कसला, चाळीस वर्षं माणसांचे पायच बघतोय मी, तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत. तुम्ही शाळेतल्या बाई, हेसुद्धा मला तुमच्या टाचेवरून आठवलं. फळ्याकडे वळून वळून डावी टाच बाहेरून झिजते तुमची. हां, आता या कागदावर ठेवा. उभ्या राहा, पूर्ण भार टाका. पेन्सिल गुदगुल्या करते, सगळे हसतात, तुम्हीही हसा. — झालं. आता हा तुमचाच जुना कागद, मागच्या वर्षीचा. सगळ्यांचे ठेवतो मी, तारीख घालून, वडिलांची शिस्त आहे ती. एकावर एक धरा उजेडाकडे. दिसतंय? चवड्याशी तीन सूत. तीन सूत म्हणजे एका नंबराहून जास्तच झालं, बाई. या वयात पाय वाढतो होय कुणाचा?

दिवसभर उभं राहावं लागतं म्हणता. बरोबर. सगळ्यांचं उभं राहूनच होतं. नाहीतर उकाड्यानं होतं, नाहीतर वयानं. थांबा, घोट्याच्या वर अंगठा दाबतो जरा — दुखलं? नाही ना? दुखत नाही, हीच तर खरी गोम आहे, दुखलं असतं तर तुम्ही माझ्याकडे कशाला आल्या असतात. आता अंगठा काढला. बघा, खड्डा तसाच. मोजा मनात. — अजून भरला नाही. दोन्ही पायांना असाच. हे कुणी शिकवलं विचारताय? डॉक्टरीणबाईंनी. पण वरातीमागून घोडं.

तो खोकला ना? आमची ही. पडद्यामागे खाटेवर असते, तीन उशा लावून, बसल्यासारखीच झोपते — आडवी झाली की पाण्यात बुडाल्यासारखं होतं म्हणते. लक्ष देऊ नका. म्हणजे मी देतो, तुम्ही देऊ नका. आणि जरा हळू बोला, तिचे कान अजून शाबूत आहेत, बाकीचं सगळं दमलं तरी.

आमच्या धंद्यात एक शिकवण असते बाई, पहिल्या दिवशी देतात — माप संध्याकाळी घ्यायचं. सकाळचा पाय खोटं बोलतो, संध्याकाळचा पाय खरा. दिवसभरात पाय थोडा फुगतोच, त्याला जागा ठेवायची. वडिलांनी ते माझ्या डोक्यात असं ठोकून बसवलंय की विचारू नका. म्हणून ही जेव्हा पहिल्यांदा म्हणाली, अहो, चप्पल टोचते संध्याकाळची, तेव्हा मला काय वाटलं असेल? काही नाही वाटलं. हसलो. म्हटलं, संध्याकाळचा पाय. लाकडी फर्म्यावर चढवली, ओलं फडकं ठेवलं, रात्रभर ताणली, सकाळी पायात सरकन गेली. खूश झाली. दोन महिन्यांनी परत टोचली, परत ताणली. मग नवीन शिवली, पट्टा रुंद घेतला. मग त्याहून रुंद. जिना चढताना मधेच थांबायला लागली, तर मी काय केलं, तळ हलका केला — चप्पल जड होत असेल म्हणून. हसू नका — नाही, तुम्ही हसत नाही आहात, मला माहीत आहे. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस गं, नवरा पायाला जपतो. आणि मी मान ताठ करून फिरायचो. माझ्या हातच्या चपलेनं तिला कधी एक फोड आला नाही. एकही नाही. फोड आला असता तर ती रडली असती, दवाखान्यात गेली असती.

शेवटी दवाखान्यात गेलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सूज कधीपासून? ही म्हणाली, आठ-दहा दिवस झाले असतील. मी म्हटलं थांबा, माझ्याकडे आहे सगळं. घरी आलो, कागद घेऊन गेलो. सात कागद, चौदा महिने, प्रत्येकावर तारीख. मला वाटलं शाबासकी मिळेल, खरं सांगतो. त्यांनी ते टेबलावर तारखेप्रमाणे ओळीनं मांडले. मग तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. म्हणाल्या, हा घेऊन आला असतात तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी रोज करतो, वेगवेगळं.

पंप थकलाय म्हणाल्या. हृदय बंद पडलेलं नाही, थकलंय, रक्त पुढे ढकलायला जोर नाही, मग पाणी मागे साचतं — आधी पायात, पोटात, मग छातीत. कशानं थकलं? — हे मी कुणाला सांगत नाही. ब्लड प्रेशरच्या गोळ्या होत्या तिच्या. सहा महिने घेतल्या, आकडा चांगला आला, मीच म्हटलं, आता कशाला, बरी आहेस की, बंद कर. मीच. तिनं विचारलं होतं, डॉक्टरांना विचारू का? म्हटलं, त्यांना काय, ते घ्याच म्हणणार. आठ वर्षं परत चढलेल्या आकड्याशी हृदय एकटंच झुंजत होतं आणि वर गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, त्याही मीच आणायचो — त्यांनीसुद्धा अंगात पाणी धरतं म्हणे. तुम्ही घेता का त्या? — घेता. बघा.

आता सगळं करतो. बैल गेला नि झोपा केला, पण करतो. सकाळी उठल्या उठल्या काट्यावर उभी करतो, काही खायच्या आधी, आकडा लिहितो. दोन दिवसांत दोन किलो वाढले की फोन. मीठ मोजून, पाणी बाटलीत मोजून — ती म्हणते, माप घ्यायची खोड काही गेली नाही तुमची. लघवीची गोळी, हृदयाच्या चार गोळ्या, एकही चुकवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, कित्येक माणसं यावर वर्षानुवर्षं चालती-फिरती राहतात. वेळेवर आलेली. आमचं तसं नाही. तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, बाहेर बोलावून, दाराशी.

ती वरच्या फळीवरची? लाल पट्ट्याची जोडी होती तिथे, हो, मागच्या वेळी तुम्हाला आवडली होती. विकायची नव्हती ती. तिची पहिली, सूज यायच्या आधीच्या मापाची. मागच्या आठवड्यात तिनं मागितली. पाय उतरलेत म्हणाली, बघा तरी. मी कागद ठेवला, रेघ मारली, पहिल्या कागदावर धरली — सूतभर आतच. बाई, मला इतका आनंद झाला की मी धावत गेलो दवाखान्यात, कागद घेऊन. डॉक्टरीणबाईंनी बघितला. म्हणाल्या, पाणी उतरलंय खरं, पण त्याच्याबरोबर मांसही गेलंय. हा रोगच आता आतून खातोय. घरी आलो तर ती तीच जोडी घालून खाटेच्या कडेला बसली होती. काय म्हणाल्या, विचारलं. म्हटलं, छान म्हणाल्या.

हे घ्या तुमचे दोन्ही कागद. घडी घालू नका, रेघ मोडते. आजच जा, उद्या शाळा सुटल्यावर नाही, आत्ता. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवा, त्यांना कळेल. तुमचा अजून दुसराच कागद आहे, तिसरा नाही. बरंच होईल असं मी म्हणत नाही, मला काय कळतंय, मी चौदा महिने हातात धरून बसलो होतो. पण माझ्याकडून सैल करून मिळणार नाही. दुसरा कुणी करून देईल, गल्लीच्या टोकाला आहे एक, चांगला करतो. त्याच्याकडे जाऊ नका.

—थांबा. उठली ती. पडदा धरून येतेय, तीच लाल पट्ट्याची घालून. ऐका, तिच्यासमोर यातलं काही नको. तिनं पाय पुढे केला की छान बसलीय म्हणा, एवढंच म्हणा, आणि निघा. — ये गं, हळू ये, घाई नाही. या बाई निघालेल्याच होत्या.